गोट्या आठवतो, ताम्हनकर आठवतात का?

मंडळी, नमस्कार.

मघाशी चहाच्या रांगेत मी मुद्दाम 'गोट्या' या दूरदर्शन मालिकेचं शीर्षकगीत, 'बीज अंकुरे अंकुरे', गुणगुणलो. मागच्या चौघांनी लगेच सूर धरला. मग विचारलं, 'गोट्या' लिहिला कुणी? एकजण म्हणाले, "दूरदर्शनने!"

लिहिला ना. धों. ताम्हनकरांनी. जन्म १८९३, मृत्यू १९६१. म्हणजे मालिका घरोघरी पोचली तेव्हा लेखकाला जाऊन तीसेक वर्षं होत आली होती. हे गृहस्थ किर्लोस्करवाडीचे. नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या त्या गावातून 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' अशी मासिकंही निघत, हे आज सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. मोठ्यांसाठी त्यांनी विनोदी 'दाजी' लिहिला, मुलींना 'चिंगी' दिली. पण नाव राहिलं ते गोट्याचं, तेही लेखकाविना.

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या मुलाला 'गोट्या' वाचून दाखवायला घेतलं. पोरका मुलगा एका घरात येतो आणि त्या घरचाच होतो, एवढं ऐकून तो म्हणाला, "बाबा, त्यांनी कागदपत्रं केली का?" इथे परदेशात जन्मलेल्या मुलाला हा प्रश्न पडणारच. मी त्याला आमच्या आजोबांची गोष्ट सांगितली. ते शिकायला शहरात आले तेव्हा वार लावून जेवले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. पुढे त्यांच्या स्वतःच्या घरात कायम कुणाचा तरी भाचा नाहीतर पुतण्या शिकायला असे. पंगतीत एक पाट वाढला, की झालं. ताम्हनकरांच्या वाचकांना ते घर समजावून सांगावं लागत नव्हतं. मला मात्र दोन संध्याकाळी लागल्या.

आता खरं सांगायचं तर गोट्या अधूनमधून जरा जास्तच शहाणा वाटतो. "हा कधी चिडत नाही का?" असं मुलानेही विचारलं. जुन्या बालसाहित्यात ही खोड आहेच, आणि तेवढ्यासाठी मी वकिली करणार नाही. पण गोट्या बोलतो तेव्हा मोठी माणसं हातातलं काम ठेवून ऐकतात, हे माझ्या मुलाने बरोबर हेरलं. "यू नेव्हर डू दॅट," म्हणाला. मी फोन खाली ठेवला.

आमची प्रत आता मंडळाच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर आहे. शिवण उसवली आहे, पानं जपून उलटा. आणि नेलीत तर वहीत नाव लिहा.