महागडा चेंडू नेमका कुठे कामाला येतो

मंडळी, ‘गोल्फचा महागडा चेंडू घेतला तर माझा स्कोअर खाली येईल, म्हणजे सुधारेल का?’ या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. टी-वरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, चेंडू लांब जाईल का, हा एक. ग्रीनजवळ, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक गवताजवळ, पडल्यावर तो थांबेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर जवळपास ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं ‘हो’, पण काही अटी घालून. आधी लांबीचं आटपून घेऊ, कारण बहुतेक लोक पैसे मोजतात ते लांबीच्या आशेनं.

चेंडूनं किती लांब जावं, याला नियमांनीच लगाम घातलेला आहे. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या यूएसजीए आणि आर अँड ए या दोन संस्थांच्या नियमांनुसार चेंडूचं वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असून चालत नाही. शिवाय यंत्रानं ताशी १२० मैल वेगानं मारल्यावर चेंडू घरंगळण्यासह ३१७ यार्डांपर्यंतच जायला हवा, वर मुभा फक्त ३ यार्डांची. नामांकित उत्पादकांचे महागडे चेंडू या भिंतीला टेकलेले आहेत आणि त्यांचेच साधे, दोन थरांचे चेंडूही भिंतीपासून फार दूर नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये याच दोन संस्थांनी अंतराची मर्यादा तीच ठेवून चाचणीचा वेग ताशी १२५ मैल करण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणजे चेंडू मुद्दाम थोडा मंद करायचा. तेव्हाही बहुतेक हौशी खेळाडूंचं नुकसान ५ यार्ड किंवा त्याहून कमी असेल, असं त्यांचं म्हणणं होतं. नियम बदलून जिथे एवढाच फरक पडतो, तिथे दुकानातला डबा बदलून २० यार्ड मिळतील ही आशा सोडून द्यावी.

एक हिशेब मांडून बघू. सर्वसाधारण हौशी पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबचा (काठीचा), वेग ताशी ९३ मैलांच्या आसपास असतो. फटका मधोमध बसला तर चेंडूला क्लबच्या वेगाच्या साधारण १.४५ पट वेग मिळतो, म्हणजे ताशी १३५ मैल. तोच फटका क्लबच्या टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) किंवा टोकाकडे बसला आणि हे गुणोत्तर १.३५ वर आलं, तर चेंडूचा वेग उरतो ताशी १२५ ते १२६ मैल. चेंडूच्या वेगातला एक मैल म्हणजे ढोबळमानानं २ यार्ड. दहाएक मैल गेले की १८ ते २० यार्ड गेले. दोन चांगल्या चेंडूंमध्ये ड्रायव्हरला मिळणारा फरक याच्या पासंगालाही पुरत नाही. ड्रायव्हरच्या तोंडावर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवर, पायासाठी मिळणाऱ्या पावडरीचा फवारा मारा आणि दहा फटके मारून ठसे कुठे उमटतात ते पाहा. लांबीचा शोध तिथे सुरू करावा.

स्लाइसचं, म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे वळत जाण्याचंही तसंच आहे. क्लबचं तोंड फटक्याच्या मार्गाच्या तुलनेत उघडं राहिलं की स्पिनचा अक्ष कलतो आणि चेंडू वळतो. कमी स्पिनचा चेंडू किंचित कमी वळेल, पण झाडीत जाणारा चेंडू झाडीतच जाईल. चेंडूच्या बनावटीनंच स्लाइस बरी करण्याचा प्रयत्न १९७० च्या दशकात पोलारा नावाच्या चेंडूनं केला होता. त्याच्या डिंपलची, म्हणजे पृष्ठभागावरच्या खळग्यांची, रचना मुद्दाम असमान ठेवली होती. आज नियमांप्रमाणे चेंडू सर्व बाजूंनी सारखा उडायला हवा, त्यामुळे तशा रचनेचा चेंडू स्पर्धेत चालत नाही.

आता कॉम्प्रेशन. ‘स्विंगचा वेग कमी, मग मऊ चेंडू घ्या’ हा सल्ला इतका रुळला आहे की तो तपासून बघायचं कोणाच्या मनात येत नाही. कॉम्प्रेशन म्हणजे ठरावीक दाबाखाली चेंडू किती दबतो, त्याचा आकडा. मऊ चेंडू ४० ते ७० च्या पट्ट्यात असतात, व्यावसायिक वापरतात ते साधारण ९० ते १००. पण ताशी ८० मैलांनी मारला तरी कडक चेंडू दबतोच. ‘माझ्याच्यानं तो दबत नाही’ ही भीती निराधार आहे. मऊ चेंडू हातांना बरा वाटतो, ड्रायव्हरला थोडा कमी फिरतो आणि वेगवान स्विंगला थोडा मंद पडतो. मंद स्विंगवाल्याला तो जास्त अंतर देत नाही. उलट ज्यांचा चेंडू मुळातच खालून जातो, त्यांना आयर्नवर (मधल्या अंतराच्या क्लबवर) थोडा जास्त स्पिन फायद्याचा ठरतो, कारण स्पिनमुळे चेंडू हवेत टिकतो आणि ग्रीनवर जरा उभा पडतो. तेव्हा मऊपणा आवडत असेल तर मऊ चेंडू जरूर घ्या. ती आवडीची बाब आहे.

मग पैसे कशाचे? कव्हरचे. चेंडू तीन थरांचा आहे, चार थरांचा की पाच, याला डब्यावर फार मोठी अक्षरं मिळतात. पण हौशी खेळाडूनं डबा उलटा करून एकच शब्द शोधावा: कव्हर युरेथेनचं आहे की आयोनोमरचं. आयोनोमर, ज्याला बरेच जण सरलिन म्हणतात, कडक आणि चिवट असतं. कार्टच्या रस्त्यावर आपटलं तरी टिकतं. युरेथेन मऊ आणि पातळ असतं, त्याखाली कडक थर असतो, आणि ते बनवायला खर्चिक असतं. २००० पर्यंत खेळाडूला निवड करावी लागायची: धागा गुंडाळलेला, मऊ बलाटा कव्हरचा चेंडू, जो थांबायचा पण लवकर कापला जायचा, किंवा कडक चेंडू, जो लांब जायचा पण ग्रीनवर थांबायचा नाही. ऑक्टोबर २००० मध्ये लास व्हेगासच्या स्पर्धेत टायटलिस्टचा प्रो व्ही वन आला आणि पहिल्याच आठवड्यात ४७ व्यावसायिकांनी तो खेळायला घेतला. घन कोर (आतला गाभा) आणि वर युरेथेन, ही जोडी तेव्हापासून पक्की झाली.

एक फटका अगदी जवळून बघू. फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चेंडू, पिन (झेंड्याची काठी) ३५ यार्डांवर, हातात ५६ अंशांचा वेज, म्हणजे जवळच्या फटक्यांचा तिरक्या तोंडाचा क्लब. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात क्लबचं तिरकं तोंड चेंडूखाली सरकत असतं आणि चेंडू त्या उतारावर वर घसरायला बघत असतो. कव्हर कडक असेल तर तो घसरतो: जास्त उंच निघतो, कमी फिरतो. कव्हर मऊ असेल तर एका बाजूनं क्लबच्या तोंडावरच्या खोबणींच्या कडा आणि दुसऱ्या बाजूनं आतला कडक थर, यांच्यामध्ये ते चिमटीत सापडतं. मग घसरणं थांबतं आणि चेंडू फिरायला लागतो. या एका फटक्यात दोन प्रकारच्या कव्हरांमध्ये मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांचा फरक सहज पडतो. डोळ्यांनाही तो दिसतो. युरेथेनचा चेंडू जरा खालून जातो, एकदा टप्पा घेतो, दुसऱ्या टप्प्याला कचकन अडतो. आयोनोमरचा उंच जातो, अलगद पडल्यासारखा वाटतो आणि पिनच्या पुढे चालत राहतो. ड्रायव्हरला हा खेळ होत नाही, कारण तिथे तोंड जवळजवळ उभं असतं, आघात मोठा असतो आणि कारभार कोरकडे जातो.

म्हणून हा फायदा ग्रीनभोवतीचा आहे, आणि त्याला चार गोष्टी मारक ठरतात. रफमध्ये, म्हणजे उंच गवतात, चेंडू आणि तोंडाच्या मध्ये गवत येतं, ओल्या गवतात पाणी येतं, खोबणींत माती वाळलेली असते, किंवा वेज इतका जुना असतो की कडा बोथट झालेल्या असतात. यातलं काहीही झालं की युरेथेनचा बराचसा फायदा हातचा जातो. कित्येकदा असं दिसतं की डबा सर्वांत महागडा आणि वेजच्या खोबणींत मागच्या आठवड्याचा चिखल. आधी ओल्या फडक्यानं आणि ब्रशनं तोंड साफ करा, दर फटक्याआधी पुसा. त्याला काहीच खर्च येत नाही.

फटका चेंडूच्या पोटाऐवजी माथ्यावर बसत असेल, तर कोणतंच कव्हर वाचवत नाही. आणि ज्याचा ग्रीनजवळचा नेहमीचा फटका म्हणजे आठ नंबरच्या आयर्ननं चेंडू जमिनीलगत ढकलून पळवणं, त्यालाही युरेथेनची फारशी गरज नाही. तो फटका घरंगळण्यावरच बेतलेला असतो, आणि माझ्या मते नवख्यांसाठी तोच शहाणपणाचा आहे.

याचं स्कोअरमध्ये किती वजन आहे? कोलंबिया विद्यापीठाचे मार्क ब्रॉडी यांनी फटक्यागणिक केलेल्या मोजणीतून असं दिसलं की चांगल्या आणि सामान्य खेळाडूच्या स्कोअरमधल्या फरकापैकी साधारण दोन तृतीयांश फरक १०० यार्डांच्या बाहेरच पडतो. म्हणजे कव्हरची करामत जिथे चालते, तो तुकडा उरलेल्या एक तृतीयांशाचा एक भाग, कारण त्यात ग्रीनवर चेंडू घरंगळवणं, म्हणजे पटिंगही आलं. म्हणून माझी विभागणी अशी आहे. एका फेरीत चार-पाच चेंडू हरवत असतील, तर आयोनोमरच घ्या आणि निर्धास्त खेळा. हरवण्याच्या भीतीनं आखडलेला स्विंग चेंडूपेक्षा महाग पडतो. फेरीत एखादाच हरवत असेल आणि फेअरवेवरून पिच (ग्रीनकडे उचलून मारलेला जवळचा फटका) मारायचे प्रसंग पाच-सहा वेळा येत असतील, तर युरेथेनवर खर्च केलेला पैसा वसूल होतो. मधल्यांसाठी स्वस्तातले युरेथेन चेंडू आहेत. त्यांचं कव्हर बहुधा साच्यात दाबून बनवलेलं असतं, थोडं लवकर खरवडलं जातं, पण आयोनोमरच्या तुलनेत ग्रीनजवळ ते नक्कीच जास्त थांबतात.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र चेंडूंची सरमिसळ करून खेळल्यानं होतं. पहिल्या होलला एक चेंडू, तिसऱ्याला झाडीत सापडलेला दुसरा, सातव्याला तिसरा. हौशी खेळात नियम याला आडवा येत नाही. फेरीभर एकाच मॉडेलनं खेळण्याची सक्ती स्थानिक नियम लागू केला तरच असते. पण तुमचा हात गोंधळतो. ३५ यार्डांचा पिच कुठे टाकायचा, हे चेंडू किती चालेल यावर ठरतं, आणि तेच दर होलला बदलत असेल तर हाताला अंदाज येणार कसा?

वापरलेले चेंडू घेताना एक शब्द जपून वाचा. धुऊन, प्रत लावून विकलेले चेंडू बरे असतात. पुन्हा रंग देऊन नवे केलेले टाळा. रंगाच्या थरानं डिंपलची खोली बदलते, आणि डिंपल बदलले की उड्डाण बदलतं. शिवाय आतला चेंडू पाण्यात किती काळ पडून होता, हेही झाकलं जातं.

चाचणी करायची तर ग्रीनकडून टी-कडे या. दोन मॉडेल घ्या, प्रत्येकी तीन चेंडू, पेननं खुणा करा. आधी तीन मीटरवरून पट मारून आवाज आणि स्पर्श बघा. मग ३५ यार्डांवरून प्रत्येक चेंडू आलटून पालटून मारा, मॉडेलमागे किमान नऊ फटके, आणि चेंडू पडला तिथून थांबला तिथपर्यंत पावलं मोजा. माथ्यावर बसलेले फटके हिशेबात धरू नका. त्यानंतर सात नंबरचं आयर्न, ग्रीनच्या मागून चेंडू बाहेर जातो का तेवढंच पाहायला. ड्रायव्हर सर्वांत शेवटी. सरावाच्या रेंजवरचे चेंडू यात अजिबात घेऊ नका. ते टिकण्यासाठी बनवलेले असतात आणि कोर्सवरच्या चेंडूसारखे उडत नाहीत. सकाळच्या दवात ही मोजणी करू नका, ओल्या तोंडावर दोन्ही चेंडू सारखेच घसरतील. गारठ्यातही नको. थंड चेंडू कमी उसळतो आणि त्या दिवशी काढलेले आकडे ऊन पडल्यावर लागू होत नाहीत.