रातांब्याचे दिवस आणि एक मेची ग्रामसभा

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या वेळी तुमच्याशी बोलले तेव्हा मी डोंबिवलीची होते, आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातली झाले आहे. मधल्या काळात तुमची पत्रं आली, घरचे कसे आहेत, नोकरी का सोडलीस, असं कितीतरी जणांनी आपुलकीने विचारलं. म्हणून आधी घरचं सांगते.

सासरे गेल्यावर सासूबाई गावच्या घरी एकट्याच होत्या. गुडघे धरलेले, पण मुंबईला यायचं नाव काढायच्या नाहीत. शेवटी आम्हीच ठरवलं, की मी आणि धाकटी लेक गावी जाऊ. थोरला रत्नागिरीला डिप्लोमा करतोय, ह्यांची नोकरी अजून मुंबईतच आहे. सुट्टी जोडून मिळाली की रात्रीच्या गाडीने येतात. संसार असा तीन ठिकाणी वाटला गेलाय आणि त्याचा त्रास होतो, हे लपवत नाही. पण लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत रमली आहे आणि आजीच्या हाताखाली भाकरी थापायला शिकते आहे.

मी एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करायचे. आता गावच्या बचत गटासोबत आमसुलं करते. हे काम बाहेरून सोपं दिसतं. एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उतरवायचे, फोडायचे, गर आणि बिया बाजूला करायच्या. साली उन्हात घालायच्या. मग गराच्या रसात मीठ घालून त्यात त्या बुडवायच्या आणि पुन्हा वाळवायच्या. अशी पाच-सहा पुटं चढली की साल लालाची काळपट होते, बोटांत धरली तर चिवट लागते, तेव्हा कुठे आमसूल तयार. मधेच वळवाचा पाऊस आला की धावपळ, कारण भिजलेल्या मालाला बुरशी धरते. बियांचंही वाया जात नाही, त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं घट्ट तेल, निघतं. पायाच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं औषध नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण रातांबे घेणारा व्यापारी भाव ठरवताना त्याचा विचार करत नाही. आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, आणि आमसुलं आपण स्वतः भरून विकली तरच चार पैसे उरतात, हे मला पहिल्याच हंगामाच्या वहीत दिसलं.

आता राजकारणाकडे वळते. ते याच कामातून माझ्यासमोर आलं.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, पाणी ठरत नाही, पऱ्ह्याने, म्हणजे ओढ्याने, खाली वाहून जातं, आणि मे महिन्यात वरच्या वाडीला टँकरची वाट बघावी लागते. हंडा कोणाच्या डोक्यावर असतो, हे तुम्हाला सांगायला नको. आणि पाण्यावर चर्चा करायची ग्रामसभा कधी? एक मेला. म्हणजे ऐन रातांब्याच्या दिवसांत. अंगणात साली पसरलेल्या, विहिरीवर रांग, आणि सभा अकरा वाजता. गटातल्या एक काकू मला म्हणाल्या, "सभेला यावंसं वाटतं गो, पण हंडा कोण भरील?" सभेत पाण्यावर बोलायला जमलेले बहुतेक पुरुष होते.

श्रोतेहो, 1993 साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा आहेत. माझ्या मते स्वातंत्र्यानंतर गावात घडलेला हा सर्वांत मोठा बदल आहे. पण खुर्ची मिळाली तरी सभेची वेळ अजून बायकांच्या दिवसाप्रमाणे ठरत नाही. कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. ती नुसती सह्यांच्या वहीत होऊन चालणार नाही. केंद्राकडून पंचायतीला येणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला असतो. तो कुठल्या वाडीत, कशावर खर्च करायचा, हे पंचायतीच्या आराखड्यात ठरतं आणि आराखडा ग्रामसभेपुढे येतो. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर तो कुणालाही बघता येतो. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवले, आपल्याच गावचा जमाखर्च उघडून वाचताना मात्र छाती भरून आली.

वरच्या राजकारणाबद्दल माझी तक्रार एवढीच आहे, की गावच्या कारभाराचे नियम सारखे बदलतात. सरपंच थेट जनतेतून निवडायचा, असं 2017 मध्ये ठरलं, 2020 मध्ये ते रद्द झालं, 2022 मध्ये पुन्हा आलं. आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक बसले. रस्त्याचा, शाळेच्या पत्र्याचा प्रश्न घेऊन ज्याच्या दारात हक्काने जावं असा निवडून आलेला माणूस तिथे नव्हता. पक्ष कुठलाही असो, गावाला आपला प्रतिनिधी वेळेवर मिळालाच पाहिजे. दिल्ली-मुंबईत कोण येणार यावर आपण तासन् तास बोलतो. त्यातला एक तास या प्रश्नाला द्यावा, असं मला कळकळीने वाटतं. मुंबईकर चाकरमान्यांनाही हेच सांगणं आहे. गणपतीला आलात की देवळाच्या वर्गणीबरोबर पंचायतीचा आराखडाही मागून बघा.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही बायकांनी पऱ्ह्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोणी, त्यात माती, दोन थर आणि मधे चिखल. पुरुषही मागाहून आले. खालच्या विहिरीचं पाणी यंदा जास्त दिवस टिकलं. वरच्या वाडीला त्याचा उपयोग नाही, तिथे साठवण टाकीच लागेल, आणि तो विषय आराखड्यात घालून घ्यायचा आहे.

तेव्हा येत्या महिला सभेसाठी आम्ही पंचायतीला लेखी अर्ज दिला आहे. वेळ दुपारी तीनची मागितली आहे, पाणी भरून, जेवणं आटोपून येता येईल अशी. जागा शाळेच्या पडवीत, म्हणजे वरच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही चढ-उतार नको. विषय तीन लिहिलेत: साठवण टाकी, कोकम वाळवायला सामाईक पत्र्याची शेड, आणि अंगणवाडीचा नळ. तुमच्या गावात महिला सभा कधी आणि कुठे होते, तिथे कोणते विषय निघतात, ते मला आकाशवाणीच्या पत्त्यावर जरूर कळवा. पुढच्या वेळी तुमची पत्रं वाचूनच बोलेन.

नमस्कार.