वारा वेगळा, हवा वेगळी : विदर्भातल्या हिवाळ्यातले खुराडे

[पहाटेचा अंधार. अंगणात धुके. बॅटरीचा झोत खुराड्याच्या दाराकडे सरकतो.]

पौषातली पहाट आहे. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातील या गावात धानाची मळणी आटोपून महिना उलटला आहे, बांध्यांवर धुके उतरले आहे आणि घरामागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या या खुराड्यातून अजून कसलाही आवाज नाही. आत पंधरा कोंबड्या आहेत. घरच्या बाईंनी रात्री मोठ्या काळजीने खुराड्याला चारही बाजूंनी पोती गुंडाळली, त्यावर कुठल्याशा निवडणुकीनंतर उरलेला फ्लेक्स बांधला आणि दाराच्या फटीतही चिंध्या कोंबल्या. आता त्या दार उघडतात आणि बॅटरी वर धरतात, तेव्हा टिनाच्या पत्र्याच्या खालच्या बाजूला पाण्याचे टपोरे थेंब ओळीने लटकलेले दिसतात. एक थेंब सुटतो आणि खालच्या तांबड्या कोंबडीच्या पाठीवर पडतो. ती अंग झाडते.

पाऊस नव्हता, आणि दव आत शिरायला कुठे फटही ठेवलेली नव्हती. हे पाणी कोंबड्यांचेच आहे. थंडीच्या दिवसांत एक कोंबडी साधारण 150 ते 200 मिलीलिटर पाणी पिते, म्हणजे पंधरा जणींचे दिवसाचे दोन ते तीन लिटर झाले. त्यातले अंड्यात जाते तेवढे वगळता बाकीचे श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडते. ताज्या विष्ठेचा तर 70 ते 75 टक्के भाग पाणीच असतो. रात्रभर कोंडलेली ही वाफ वर जाते आणि निरभ्र आकाशाखाली हवेपेक्षाही गार झालेल्या पत्र्याला लागून तिचे पुन्हा पाणी होते. कोंबड्यांना ऊब मिळावी म्हणून केलेल्या बंदोबस्तानेच त्यांना पहाटे भिजवले.

[उजाडते. कोंबडी फांदीवर पिसे फुलवून बसलेली, एक पाय पोटाशी घेतलेला.]

विदर्भाची थंडी समजून घेतली, तर या गोष्टीचा उलगडा सोपा होतो. हिमालयातल्या गावांसारखे येथे पाणी गोठत नाही. मात्र उत्तरेकडून थंड लाट आली की गोंदिया, नागपूर या भागांत पहाटेचे तापमान 7-8 अंशांपर्यंत उतरते. नागपुरात 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. त्याच आठवड्यांत दुपारी मात्र ऊन चटका देते आणि पारा 27-28 अंशांवर जातो. एका दिवसात वीस अंशांची ही चढउतार आणि सोबत धानाच्या पट्ट्यातले धुके, हेच येथल्या हिवाळ्याचे खरे रूप आहे.

कोंबडी या थंडीसाठी जन्मतःच तयार असते. तिच्या शरीराचे तापमान 41 अंशांच्या आसपास, म्हणजे माणसापेक्षा चार अंशांनी जास्त असते, आणि ते टिकवण्यासाठी तिच्याजवळ पिसांची गोधडी असते. थंडी वाजली की ती पिसे फुलवते आणि पिसांच्या थरांत अडकलेली कोरडी हवा अंगाची ऊब धरून ठेवते. पाय उघडे असले, तरी पायात उतरणारे गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला जाता जाता ऊब देत जाते, त्यामुळे पायांवाटे उष्णता फारशी वाया जात नाही. चोच पंखात आणि एक पाय पोटाशी घेतलेली कोंबडी दिसली, की आपल्याला तिची कीव येते. खरे तर ती व्यवस्थित झोपलेली असते. पिसे ओली झाली किंवा वाऱ्याने फाकली, की मात्र ही गोधडी कामाची राहत नाही. मानेवर पिसे नसलेल्या उघड्या मानेच्या कोंबडीची गोधडी तर मुळातच तोकडी असते, तिला आतल्या बाजूची जागा द्यावी.

म्हणून वारा आणि हवा या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. वारा म्हणजे बसलेल्या कोंबडीच्या अंगाला लागणारी गार झुळूक, ती अडवायची. हवा म्हणजे कोंबडीच्या डोक्यावरून निघून जाणारी वाफ आणि वास, तिला वाट ठेवायची. जुन्या घरांत हा विचार कोणी मुद्दाम केला नसेल, पण तो आपोआप साधला जात होता. पऱ्हाटीच्या किंवा तुराटीच्या कुडाला माती-शेणाने लिंपले की भिंतीतून वारा येत नसे, आणि वरच्या कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, फटींतून वाफ निघून जात असे. कवेलू गेले आणि टिना आल्या, तेव्हा पावसाळ्याची कटकट संपली. हिवाळ्याची ही नवी अडचण मात्र सुरू झाली. कवेलू पुन्हा आणा, असे कोणी सांगणार नाही, सांगूही नये.

[घरचे दोघे पोती सोडताना. भिंतीच्या वरच्या कडेला जाळी ठोकली जाते.]

या खुराड्यात केलेला बदल अर्ध्या दिवसाचा आहे. उत्तरेची आणि पश्चिमेची बाजू जमिनीपासून कोंबडीच्या डोक्याच्या वरपर्यंत पोत्यांनी आणि तुराट्यांच्या तट्ट्याने पक्की बंद केली. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये, दक्षिण आणि पूर्व बाजूंना, चार बोटांची फट मोकळी ठेवली आणि तिला बारीक जाळी ठोकली, कारण मुंगूस आणि रानमांजर यांना चार बोटांची जागा पुरते. पत्र्याखाली तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, एक थर दोऱ्यांनी आवळून बांधला, म्हणजे वाफ थेट गार पत्र्याला भिडत नाही. फ्लेक्स फेकला नाही. तो बाहेरून उत्तरेच्या बाजूला आहे, फक्त दारावरून काढला आहे.

बसण्यासाठी पूर्वी एक गोल, बारीक काठी होती. तिला धरायला कोंबडीला बोटे वळवावी लागत आणि ती उघडी राहत. आता जाड बांबू उभा चिरून त्याची कड घासली आहे आणि दोन इंच रुंदीची सपाट बाजू वर ठेवली आहे. त्यावर कोंबडी बसली की पोटाची पिसे बोटांवर उतरतात. बांबू जमिनीपासून दोन फुटांवर आणि वरच्या फटीच्या बऱ्याच खाली आहे. रात्री पंधरा जणी एकमेकींना खेटून बसतात, तीच त्यांची शेकोटी. मोठ्या खुराड्यात चार कोंबड्या ठेवल्या तर ही ऊब मिळत नाही, म्हणून अशा वेळी जागा तट्ट्याने अडवून लहान करावी.

[हाताची मूठ. तिच्यात धानाचे तूस.]

आता पायाखालचे. धान पिकवणाऱ्या गावात तूस हवे तेवढे मिळते, आणि गादीसाठी त्यासारखे दुसरे काही नाही. कापसाच्या पट्ट्यात सोयाबीनचे कुटार वापरतात. तेही चालते, मात्र ते लवकर ओल धरते. तुसाचा चार ते सहा इंचांचा थर घालायचा, दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करायचा आणि ओला झालेला भाग तेवढा काढून त्या जागी कोरडे तूस टाकायचे. गादी कशी आहे, हे पाहण्यासाठी मूठभर तूस हातात दाबून बघावे. मूठ उघडल्यावर ते मोकळे होऊन पडले, तर गादी ठीक आहे. लाडू वळला, तर ओल वाढली आहे. चांगली मुरलेली कोरडी गादी खालून किंचित कोमट लागते, आणि उन्हाळ्याच्या तोंडी तीच शेतात उत्तम खत म्हणून जाते.

ओल्या गादीचा दुसरा धोका नाकाला कळतो. विष्ठेतल्या युरिक आम्लापासून जिवाणू अमोनिया तयार करतात आणि ओल वाढली की त्यांचे काम जोरात चालते. हवेच्या दशलक्ष भागांत 25 भागांहून अधिक अमोनिया झाला, तर कोंबडीच्या श्वासनलिकेतले धूळ आणि जंतू बाहेर लोटणारे सूक्ष्म केस निकामी होऊ लागतात. हे मोजायला यंत्र नको. सकाळी दार उघडल्याबरोबर वाकून कोंबडीच्या उंचीवर तोंड न्यावे. डोळे चुरचुरले, तर कोंबड्यांनी रात्रभर तेच सोसले आहे. उभ्याने वास घेऊन समाधान मानू नये.

चाऱ्याबाबत फार सांगण्यासारखे नाही. थंडीत कोंबडी जास्त खाते, कारण अंगातली ऊब दाण्यातूनच येते. दिवसाकाठी अंगणात वेचून ती बरेच मिळवते, तरी सूर्यास्तापूर्वी दर कोंबडीमागे अर्धी मूठ मका, ज्वारी किंवा धान टाकावे. भरडलेल्या दाण्यापेक्षा अख्खा दाणा गळ्याखालच्या पिशवीत हळूहळू मुरतो आणि रात्र निभावतो. झोपायला गेलेल्या कोंबडीच्या छातीवर हात फिरवला, की ती पिशवी लिंबाएवढी भरली आहे की रिकामी आहे, हे लगेच कळते. सकाळी रात्रीचे शिळे, गारठलेले पाणी ओतून विहिरीचे ताजे पाणी ठेवावे. ते थंडीत आपसूकच कोमट असते. धुके असताना कोंबड्या सोडण्याची घाई करू नये. दवाने ओल्या झालेल्या गवतातून फिरलेल्या कोंबडीचे पोट तासभर ओले राहते. अंगणातल्या उन्हाच्या कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून ठेवली, की दुपारी त्या तिथेच लोळतात. पिसांतल्या उवा कमी होतात आणि पिसे पुन्हा मोकळी होतात.

अंडी कमी झाली, की थंडीला बोल लावला जातो. मोठे कारण उजेडाचे आहे. अंडी नियमित येण्यासाठी कोंबडीला 14 ते 16 तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडचा दिवस अकरा तासांच्याही किंचित आतच असतो. पहाटे दिवा लावून ही तूट भरता येते, पण घरच्या गावरान कोंबडीला वर्षातून दोन महिने विसावा मिळाला तर बिघडत नाही, असे आमचे मत आहे.

[बांबूचे डाले. त्याखाली पिल्ले. वर पिवळा दिवा.]

पिल्लांना मात्र यातले काहीच लागू नाही. अंगावर नुसती लव असते, पिसे यायला पाच-सहा आठवडे लागतात आणि तोवर त्यांना बाहेरून ऊब द्यावीच लागते. खुडूक कोंबडी सोबत असेल, तर तिच्या पंखाखालची जागा कोणत्याही दिव्यापेक्षा चांगली. तिला आणि पिल्लांना रात्री डाल्याखाली कोरड्या तुसावर ठेवले, की काम झाले. विकत आणलेल्या एक दिवसाच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश तापमान हवे असते आणि पुढे दर आठवड्याला ते साधारण तीन अंशांनी कमी करत न्यावे. ठोकताळा म्हणून दर पिल्लामागे 2 वॅट धरतात, थंड लाटेत त्याहून जास्त. येथे एक चूक हल्ली वारंवार होते. तारेचे पिवळे दिवे दुकानांतून दिसेनासे झाले आहेत, म्हणून लोक एलईडी दिवा लटकवतात. उजेड लख्ख पडतो, ऊब मात्र पोहोचत नाही, आणि सकाळी पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढून चेंगरलेली सापडतात. जुना पिवळा दिवा शोधून आणावा, आणि कोपराच उरू नये म्हणून पुठ्ठ्याचे गोल कडे करावे.

दिवा किती खाली घ्यायचा, हे पिल्लेच सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असली, तर त्यांना थंडी वाजते आहे. कड्याला चिकटून चोच उघडी टाकली असेल, तर उकडते आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील, तर दुसरीकडून वारा येतो आहे. दिवा साखळीने किंवा तारेने बांधावा, सुतळीने कधीही नाही. सुतळी तुटून दिवा तणसावर पडला, तर खुराडे आणि त्याला टेकलेले घर, दोन्ही एकदमच पेटते. रात्री वीज गेली, तर निखाऱ्यांची शेगडी बंद जागेत ठेवू नये, कारण तिच्या वायूने पिल्ले झोपेतच जातात; गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तुसात खोचाव्यात.

[कोंबडीचा तुरा जवळून.]

थंडीच्या नावावर खपणारे एक मरण असे आहे, ज्याचा थंडीशी संबंध थोडाच आहे. हिरवट संडास, उघड्या चोचीने घेतलेला श्वास, नंतर वाकडी होणारी मान, आणि आठवड्याभरात अर्धे अंगण रिकामे, हा राणीखेत आहे. याचा विषाणू गारव्यात जास्त काळ तग धरतो, म्हणून तो या दिवसांत वाढलेला दिसतो. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर टू बी ही लस देणे, हाच त्यावरचा उपाय आहे. पोती कितीही बांधली, तरी तो थांबत नाही. तुरा निळसर-काळा पडला, तर थंडीने झाले म्हणून सोडून देऊ नये. तुरा गोठणे हे शून्याखालच्या थंडीचे दुखणे आहे, आपल्याकडे त्यामागे बहुधा दुसरा आजार असतो. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर त्या नाल्यात न टाकता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

[पुन्हा पहाट. तेच खुराडे.]

आठ दिवसांनंतरची ही पहाट आहे, आणि थंडी त्या दिवसापेक्षा कमी नाही. बाई दार उघडतात, बॅटरी वर धरतात. तणस कोरडे आहे. वरच्या फटीतून कोंबड्यांच्या श्वासाची वाफ धुक्यात मिसळताना दिसते. जाळीच्या एका तारेवर, जिथून ती बाहेर पडते तिथे, दोन-चार थेंब धरले आहेत. बांबूवरची तांबडी कोंबडी चोच पंखातून बाहेर काढते, उजेडाकडे एक डोळा करून पाहते, आणि पुन्हा आत घालते.