तिसरा दिवस चुकवू नका

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय नववी-दहावीत शाळा सोडणाऱ्या पोरांबद्दल. २०२१-२२ चे सरकारी आकडे बघा, देशात प्राथमिकला शाळा सोडणारे शंभरात दीड, आणि नववी-दहावीत साडेबारा. शिक्षण हक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत हात धरतो, आणि नेमकं नववीत गणित-विज्ञान एकदम चढतं. बाकी पैशाची ओढ, घरचं काम, मुलींची लग्नं, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

पण माझ्या वर्गातल्या एका मुलाची गोष्ट सांगते. नववीत दोन विषयांत राहिला. जुलैत चार दिवस आला आणि मग गायब. दहा-बारा दिवसांनी मी घरी गेले तर आई म्हणाली, बाई, तो रोज जातो की, डबा रिकामा येतो! त्याच आठवड्यात मी इंदूरच्या शीतलामाता बाजारात भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेले आणि गादीवर साड्यांच्या घड्या घालत हाच बसलेला. मला बघून हात थांबले, मान वर नाही. मी समोर बसले, म्हटलं ती मरून माहेश्वरी दाखव. त्याने पदर उलगडला आणि हळूच म्हणाला, बाई, छोटा पण नववीत आलाय ना, आमच्याच सेक्शनमध्ये, मी त्याच्या बाजूला कसा बसू?

एवढंच. ना फीचा प्रश्न, ना आळस, लाज होती ती. आणि आम्ही शिक्षक रजिस्टरमध्ये नुसते गैरहजेरीचे ए ए ए मांडत बसलो, मीसुद्धा. हेडसरांना सांगून त्याला ब सेक्शनला टाकलं, शेठजींनी चारनंतर यायला सांगितलं, आणि दोघं भाऊ एका सायकलवर यायला लागले. साडी पण तीच घेतली मी.

म्हणून सांगते, पोरगं सलग तीन दिवस आलं नाही की तिसऱ्या दिवशी घरी जा. फोन नको, घरी जा. महिना झाला की दुकानाची, हातातल्या पैशाची सवय लागते, मग पोर परत आणणं फार अवघड. पुन्हा सांगते, तिसरा दिवस. आणि आईबाबांनो, नापास झाला म्हणून पाहुण्यांसमोर भावाशी तुलना करू नका हो.

ज्यांची शाळा सुटलीच आहे त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावी देता येते, चौदा वर्षं पूर्ण हवीत, पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, एकेक विषय काढला तरी चालतो. आपल्या मध्य प्रदेशात दहावी-बारावी नापासांसाठी २०१६ मध्ये 'रुक जाना नहीं' ही योजना पण सुरू झाली, ती आता चालू आहे का ते शाळेत विचारून घ्या. काम सांभाळून होतं हे सगळं, फक्त जन्मदाखला आणि आधार कार्ड आधी शोधून ठेवा, ऐन फॉर्मच्या दिवशी कपाटं उपसत बसू नका.