आडनाव सिंग, मुक्काम हार्लेम

(पडदा काळा. आधी फक्त गर्दीचा आवाज. मग बाल्टिमोर शहराचं जुनं कृष्णधवल दृश्य.)

ऑक्टोबर १९३७. बाल्टिमोरचं म्युनिसिपल स्टेडियम. मेरीलँड विद्यापीठाचा संघ विरुद्ध न्यूयॉर्क राज्यातून आलेला सिराक्यूज विद्यापीठाचा संघ. खेळ फुटबॉल, पण अमेरिकन. लांबट चेंडू, तो हातात धरून पळायचं, नाहीतर लांबवर फेकायचा.

सिराक्यूजकडे चेंडू फेकण्यात तरबेज एक पोरगा होता. त्या दिवशी त्याला ताप नव्हता, पाय मुरगळलेला नव्हता. तरी त्याला मैदानात उतरवलं नाही. कारण तो काळा आहे हे मेरीलँडच्या लोकांना नुकतंच कळलं होतं.

कळलं होतं म्हणजे? डोळ्यांना दिसत नव्हतं? दिसत होतं की. पण त्याचं नाव होतं विल्मेथ सिदात-सिंग.

(पडद्यावर: हार्लेममधली गल्ली. बास्केटबॉल खेळणारी मुलं.)

जन्म वॉशिंग्टनचा, १९१८ चा. जन्माचं आडनाव वेब. आईवडील दोघंही कृष्णवर्णीय अमेरिकन. वडील लवकर गेले. आई पॉलीननं पुन्हा लग्न केलं ते डॉक्टर सॅम्युएल सिदात-सिंग यांच्याशी. हे भारतीय वंशाचे, वॉशिंग्टनमधल्या कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात वैद्यक शिकलेले. त्यांनी मुलाला आपलं नाव दिलं आणि कुटुंब न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहायला गेलं.

पोरगा बास्केटबॉलमध्ये चमकला आणि त्या जोरावर सिराक्यूजला पोहोचला. तिथे तो गंमत म्हणून वर्गावर्गांतल्या सामन्यांत फुटबॉल खेळत होता. विद्यापीठाच्या एका प्रशिक्षकानं त्याचा हात पाहिला आणि त्याला थेट मुख्य संघात ओढलं.

वर्तमानपत्रांनी आडनाव वाचलं आणि लिहून टाकलं, 'हिंदू' खेळाडू. त्या काळच्या अमेरिकेत हिंदू म्हणजे कुठलाही भारतीय, मग तो शीख असला तरी. विद्यापीठानंही ही चूक दुरुस्त करायची घाई केली नाही. सोयीचं होतं ना ते!

यातला विनोद बघा. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांनी नागरिकत्व मागितलं, तेव्हा १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भारतीय माणूस गोरा नव्हे. म्हणजे नागरिकत्वाच्या रांगेत भारतीय असणं आडवं यायचं, आणि फुटबॉलच्या मैदानावर तेच भारतीय असणं पावायचं. सोवळं-ओवळं कुठल्याही देशातलं असो, त्याचे नियम असे सोयीनं वाकतात. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

(पडद्यावर: टाइपरायटर. छापखाना.)

ही झाकली मूठ उघडली ती सॅम लेसी या पत्रकारानं. लेसी स्वतः कृष्णवर्णीय. सामन्याच्या तोंडावर त्यानं छापलं की हा हिंदू-बिंदू कुणी नाही, वॉशिंग्टनच्या वेब कुटुंबातला आपला मुलगा आहे. हेतू चांगला होता. आमचा माणूस दुसऱ्याच्या नावाखाली का खेळेल, हा त्याचा सवाल. पण त्याची किंमत त्या पोराला मोजावी लागली. लेसीनं बरोबर केलं का? मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढे अमेरिकेच्या बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडण्यासाठी हाच लेसी वर्षानुवर्षं लिहीत राहिला, एवढं मात्र त्याच्या पदरात टाकायला हवं.

मेरीलँडसारख्या दक्षिणेकडच्या संघांची रीत ठरलेली होती. समोरच्या संघात काळा खेळाडू असेल तर त्याला बसवा, नाहीतर सामना विसरा. सिराक्यूजनं मुकाट्यानं मान डोलावली.

त्याच संघात मार्टी ग्लिकमन होता. ज्यू मुलगा, कमालीचा धावपटू. आदल्याच वर्षी बर्लिन ऑलिम्पिकमध्ये रिले शर्यतीतून त्याला ऐनवेळी वगळलं होतं. अन्याय कसा लागतो हे त्या संघात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याच्या मनात आलं, म्हणावं की विल्मेथ नाही तर मीही नाही. तो बोलला नाही. ती रुखरुख त्याला म्हातारपणापर्यंत लागून राहिली, आणि त्यानं ती चारचौघांत बोलूनही दाखवली.

सिराक्यूज हरलं. १३-०.

(पडद्यावर: बाल्टिमोरमधली विद्यापीठाची इमारत. पायऱ्या.)

आता कॅमेरा स्टेडियमपासून थोडा बाजूला वळवू. शहर तेच, विद्यापीठही तेच. मेरीलँडचं कायद्याचं महाविद्यालय बाल्टिमोरमध्येच होतं आणि त्या ऑक्टोबरमध्ये तिथे शेवटच्या वर्षाला एक कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकत होता. डोनाल्ड गेन्स मरे.

तो तिथे कुणाच्या मेहेरबानीनं आलेला नव्हता. १९३५ साली त्याचा अर्ज रंगावरून फेटाळला गेला. तुम्ही आपले प्रिन्सेस ॲन अकॅडमीत जा, असं त्याला सुचवलं. ही काळ्यांसाठीची संस्था, आणि तिथे कायद्याचा अभ्यासक्रमच नव्हता! मरेचा खटला लढवला चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन आणि त्यांचा तरुण शिष्य थर्गुड मार्शल यांनी. मार्शल बाल्टिमोरचेच. पण गावातल्या या महाविद्यालयाचं दार बंद, म्हणून त्यांनी रोज आगगाडीनं वॉशिंग्टनला जाऊन हॉवर्ड विद्यापीठातून वकिली शिकली होती.

युक्तिवाद साधा आणि धारदार. तुमचा कायदा म्हणतो 'वेगळे पण समान'. बरं, मग काळ्यांसाठीचं तेवढ्याच तोलाचं कायद्याचं महाविद्यालय दाखवा. राज्याकडे दाखवायला काही नव्हतं. जून १९३५ मध्ये न्यायाधीशांनी मरेला प्रवेश देण्याचा हुकूम दिला, आणि जानेवारी १९३६ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानं तो उचलून धरला.

म्हणजे ज्या विद्यापीठाच्या वर्गात काळा विद्यार्थी शेजारच्या बाकावर बसून दिवाणी कायदा शिकत होता, त्याच विद्यापीठाला मैदानात काळा खेळाडू समोर उभा राहिलेला चालत नव्हता. फरक एवढाच की बाकाला न्यायालयाचा हुकूम होता, मैदानाला नव्हता.

विद्यापीठाचे अध्यक्ष तेव्हा हॅरी बर्ड. लोक त्यांना 'कर्ली' म्हणत. हे गृहस्थ मूळचे कोण? मेरीलँडचे फुटबॉल प्रशिक्षक, आणि तेही वीस वर्षांहून जास्त काळ. १९५४ पर्यंत ते अध्यक्ष राहिले आणि कृष्णवर्णीयांना आपल्या विद्यापीठाबाहेर ठेवण्यासाठी झटत राहिले. कॉलेज पार्कच्या मुख्य आवारात पदवीच्या वर्गात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आला तो १९५१ साली.

(पडद्यावर: गजबजलेलं स्टेडियम. पाऊल पडल्यासारखा ढोल.)

१९३८ मध्ये मेरीलँडचा संघ सिराक्यूजला आला. आता घर यांचं, नियमही यांचे. सिदात-सिंग खेळला. निकाल ५३-०. उट्टं काढणं म्हणतात ते हेच. त्याच मोसमात कॉर्नेलविरुद्ध हातचा गेलेला सामना त्यानं शेवटच्या काही मिनिटांत लांबलांब चेंडू फेकून १९-१७ असा फिरवला.

शिक्षण संपलं. व्यावसायिक फुटबॉलचं दार त्या वर्षांत काळ्यांना पूर्ण बंद होतं. मग बास्केटबॉल, मग वॉशिंग्टनच्या पोलिसात नोकरी.

(पडद्यावर: विमानतळ. पंख्यांचा आवाज हळूहळू वाढतो.)

आणि मग युद्ध. काळ्या माणसाला लढाऊ विमान झेपणार नाही, असं अमेरिकेच्या सैन्यानं १९२५ मध्ये अहवालात लिहून ठेवलं होतं. शिवाय युद्धाआधी वैमानिक व्हायचं तर कॉलेजची निदान दोन वर्षं लागत. कॉलेजच बंद असेल तर आकाशही आपोआप बंद. शेवटी दबावापुढे सरकार नमलं, पण अर्धवट. वेगळी तुकडी, वेगळा तळ. अलाबामात टस्कीगीला, जिथे कृष्णवर्णीयांची नावाजलेली शिक्षणसंस्था होती, तिथे हे वैमानिक तयार होऊ लागले. पिट्सबर्ग कुरियर या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रानं १९४२ मध्ये दुहेरी विजयाची हाक दिली होती. एक परदेशात हुकूमशाहीवर, दुसरा घरात वर्णभेदावर.

सिदात-सिंगनं पोलिसाचा गणवेश उतरवला आणि टस्कीगी गाठलं. १९४३ च्या मार्चमध्ये तो लढाऊ वैमानिक झाला.

९ मे १९४३. मिशिगन राज्यात सराव चालू होता. ह्युरॉन सरोवरावर त्याच्या विमानाचं इंजिन बंद पडलं. त्यानं उडी मारली. तो वाचला नाही. मृतदेह सापडायला काही आठवडे लागले. वय पंचवीस. ऑर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला पुरलं.

(शांतता. फक्त पाण्याचा आवाज.)

२००५ मध्ये सिराक्यूजनं त्याचा बास्केटबॉलचा १९ क्रमांक कायमचा राखून ठेवला. मेरीलँडला आणखी आठ वर्षं लागली. नोव्हेंबर २०१३ मध्ये सिराक्यूजचा संघ तिथे खेळायला आला, तेव्हा त्यांनी सिदात-सिंगच्या नातेवाइकांना बोलावून भर मैदानात त्याचा गौरव केला. सामना सिराक्यूजनं २०-३ असा जिंकला.

ते मैदान कॉलेज पार्कचं. त्या दिवशी त्याच्या नावाची पाटी होती, बर्ड स्टेडियम. त्याच कर्ली बर्डच्या नावाची. ती उतरवायला डिसेंबर २०१५ उजाडावा लागला.