‘बीस्टलँड’ : एका माणसाचा मेटल अल्बम इतका जड कसा वाजतो?

नमस्कार. आजच्या व्हिडिओचा विषय आहे ‘बीस्टलँड’ हा अल्बम. ‘ऑथर अँड पनिशर’ या नावाने संगीत करणाऱ्या ट्रिस्टन शोन या अमेरिकी संगीतकाराचा हा अल्बम ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलॅप्स रेकॉर्ड्सने प्रसिद्ध केला. त्यात आठ गाणी आहेत. नावावरून हा एखादा बँड असावा असे वाटते, पण या संगीताची मांडणी मुळात एकाच माणसासाठी केलेली आहे, आणि त्या माणसासमोर गिटार किंवा ड्रम नसून त्याने स्वतः तयार केलेली धातूची अवजड यंत्रे असतात. ही यंत्रे का बांधावी लागली, हे समजले की अल्बम वेगळाच ऐकू येऊ लागतो. म्हणून आधी यंत्रांविषयी बोलू आणि मग गाण्यांकडे वळू.

मेटल म्हणजे रॉक संगीताचा जड, आक्रमक प्रकार. त्यातला जडपणा नुसत्या मोठ्या आवाजातून येत नाही. ड्रमर पायाने बास ड्रमवर आघात करतो, गिटारवादक तळव्याची कड तारांवर दाबून त्यांचा नाद आखडता घेतो, आणि हे श्रम ऐकणाऱ्याला नकळत जाणवत राहतात. ड्रम मशीन किंवा संगणक वापरला की हे श्रम नाहीसे होतात, कारण हलका ठोका आणि प्रचंड ठोका या दोन्हींसाठी यंत्राला सारखेच थोडे काम करावे लागते. ही उणीव म्हणजेच बलस्थान, असे ठरवून काही संगीतकारांनी फार मोठे काम केले. बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेश या दोघांच्या गटाने १९८९ च्या ‘स्ट्रीटक्लीनर’मध्ये ड्रमरऐवजी ड्रम मशीन वापरले, आणि कधीही न थकणाऱ्या, कधीही न चुकणाऱ्या ठोक्याची निष्ठुरता हाच त्या अल्बमचा गाभा झाला. औद्योगिक मेटलच्या, म्हणजे यंत्रासारखे ठोके आणि इलेक्ट्रॉनिक आवाज वापरणाऱ्या मेटलच्या, पुढच्या वाटचालीवर त्याची छाप स्पष्ट दिसते, आणि शोनच्या संगीतातही ती आहे. मात्र शोनने पुढचा प्रश्न विचारला: आवाज इलेक्ट्रॉनिकच ठेवून त्यातले श्रम परत आणता येतील का?

हा प्रश्न त्याला सुचला यामागे त्याचे शिक्षण आहे. शोन यांत्रिक अभियंता आहे, आणि पुढे सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याने दृश्यकलेचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. कारखान्यातील यंत्रभाग आणि शिल्प या दोन्हींकडे सारख्याच जिव्हाळ्याने पाहणाऱ्या माणसाने वाद्ये बांधायला घेतली, तर ती कशी असतील याचे उत्तर त्याच्या यंत्रांमध्ये दिसते. एका यंत्रात रुळांवर पुढेमागे ढकलायची जड मूठ आहे. ती सरकवून आपटली की तालाचा ठोका उमटतो. दुसऱ्यात जहाजाचा किंवा विमानाचा वेग वाढवण्यासाठी असतात तसे खटके आहेत, जे रेटून खालच्या स्वरांची उंची आणि गडदपणा बदलता येतो. तिसरे यंत्र म्हणजे हाताने फिरवायची भरीव धातूची मोठी चाके. शिवाय गळ्याचा आणि तोंडाचा आवाज टिपणारे मुखवटे आहेत. हात आणि आवाज एकाच वेळी कामाला लागतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. या यंत्रांमधून ऐकू येणारा आवाज मुख्यतः धातूचा नसतो. यंत्राला बसवलेले संवेदक मुठीची किंवा चाकाची जागा मोजतात, ते माप विद्युत संदेशात बदलते आणि प्रत्यक्ष आवाज ध्वनिनिर्मितीची इलेक्ट्रॉनिक साधने घडवतात. मग कुणीही विचारेल की एवढा खटाटोप कशासाठी, कारण हेच काम टेबलावरच्या छोट्या बटणानेही झाले असते. माझ्या मते या अल्बमचे सारे मर्म याच प्रश्नात आहे. इलेक्ट्रॉनिक वाद्ये आणि संगणक यांना जोडणाऱ्या, १९८३ पासून रूढ झालेल्या मिडी पद्धतीत साध्या बटणाची हालचाल ० ते १२७ अशा १२८ पायऱ्यांमध्ये मोजली जाते, आणि शून्यावरून शेवटच्या पायरीवर जायला बोटाला निमिषही लागत नाही. जड चाकाला मात्र जडत्व असते. ते फिरायला वेळ घेते, फिरू लागले की थांबायलाही वेळ घेते, आणि त्यामुळे स्वर एका जागेवरून दुसरीकडे उडी न मारता ओढला गेल्यासारखा सरकतो. हाताला झालेला विरोध आवाजाच्या आकारात उतरतो.

आता गाणी ऐकताना काय शोधावे ते पाहू. ‘फार्मासाइड’ या पहिल्या गाण्यापासून ठोक्यांमधल्या जागेकडे लक्ष द्या. जड मूठ मागे खेचून पुन्हा आपटायची तर मधे वेळ जाणारच, आणि हा संथपणा मला शैली म्हणून निवडलेला न वाटता यंत्राने लादलेला वाटतो. म्हणूनच तो खरा वाटतो. ‘निहिल स्ट्रेंग्थ’मध्ये हे सर्वांत चांगले जमले आहे, आणि नव्या श्रोत्याने हेच गाणे आधी ऐकावे असे मी आग्रहाने सांगेन.

खालच्या स्वरांविषयीही थोडे सांगायला हवे. नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ८२ कंपनांवर, वाजते आणि बास गिटारची सुमारे ४१ वर. इलेक्ट्रॉनिक आवाज त्याहूनही खाली जाऊ शकतो, पण इतके खोल स्वर फोनचा लहान स्पीकर जवळजवळ वाजवतच नाही. डिस्टॉर्शनमुळे, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका आणि खरखरीत केल्यामुळे, मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येचे उपस्वर तयार होतात, आणि त्यांच्या आधारे आपला मेंदू हरवलेला मूळ स्वर स्वतःच जुळवतो. त्यामुळे हा अल्बम फोनवरही अगदीच पोकळ वाटत नाही, पण चांगल्या हेडफोनवर किंवा मोठ्या स्पीकरवर तो छातीत जाणवतो, आणि तसाच तो ऐकायला हवा.

अल्बममध्ये उणिवा आहेत. आवाज इतका पिळून काढलेला आहे की बऱ्याच ठिकाणी शब्द कळत नाहीत, आणि सलग आठही गाणी ऐकताना कान मधेच दमतो, कारण शांत जागा फार थोड्या आहेत. शोनचा २०१५ चा अल्बम ‘मेल्क एन होनिंग’ पँटेरा या मेटल बँडचा गायक फिल अँसेल्मो याच्या निर्मितीत झाला होता. त्याच्याशी तुलना केली तर ‘बीस्टलँड’ मला अधिक नेटका आणि घट्ट वाटतो, पण श्वास घ्यायला जागा त्यातही कमीच आहे.

२०२२ च्या ‘क्रूलर’ या अल्बममध्ये शोनने ही जागा दिली. तिथे सुरावट पुढे आली आणि टूल या बँडचे ड्रमर डॅनी कॅरी व बासवादक जस्टिन चॅन्सेलर पाहुणे म्हणून सहभागी झाले. तो अल्बम ऐकायला सोपा आहे आणि कदाचित अधिक सुंदरही आहे. तरीही क्रम ठरवायचा झाला तर मी ‘बीस्टलँड’ आधी ऐकायला सांगेन, कारण एका शरीराने एवढी यंत्रे पेलताना होणारी ओढाताण त्यात कोणत्याही आधाराशिवाय ऐकू येते.