पावसाळ्यातला साखरपाक

(दृश्य: धुक्यातली झाडी, झाडाखाली स्टँडवर ठेवलेली मधपेटी, छपरावरून निथळणारं पाणी)

महाबळेश्वरच्या डोंगरात जूनमध्ये लागलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत हटत नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस इथे पडतो. जांभूळ आणि हिरड्याचा बहर उन्हाळ्यातच आटोपलेला असतो. तुरळक काही फुललं, तरी त्यातला मकरंद पावसाच्या पाण्याने पातळ होतो, धुऊन जातो. आणि अशा झडीत मधमाशी बाहेर पडणार तरी कशी?

पेटीतलं पोट मात्र थांबत नाही. आत हजारो सातेरी माश्या (पेटीत पाळली जाणारी आपली देशी मधमाशी) आहेत, राणी आहे, थोडाफार पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, आहे. पिलाव्याभोवती सुमारे ३४ अंशांची ऊब राखावी लागते. कामकरी माश्या पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवतात आणि ती ऊब तयार करतात. या कामाला इंधन लागतं ते साखरेचं. माशीच्या अंगात त्याचा साठा फारच थोडा असतो. तिचा खरा साठा पोळ्यात असतो, मधाच्या रूपात.

तो संपत आला की राणी अंडी घालणं कमी करते. माश्या विरळ होतात. रिकाम्या पडलेल्या पोळ्यांत मेण खाणाऱ्या पतंगाच्या अळ्या शिरतात. आणि सातेरीचा एक स्वभाव आहे: उपासमार सोसत ती बसून राहत नाही. एक दिवस राणीसकट सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते.

(दृश्य: संध्याकाळ. मधपाळ पेटीचं झाकण उचलतो, आत पाकाची वाटी ठेवतो, पाकावर वाळक्या काड्या टाकतो)

म्हणून मधपाळ साखरपाक देतात. वेळ संध्याकाळची, वाटी पेटीच्या आतच, आणि पाक बाहेर सांडता कामा नये. वास सुटला की शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात, आणि त्या लुटालुटीत दुबळी वसाहत संपते. पाकावरच्या काड्या माशीला उभं राहायला. त्या नसल्या तर माश्या पाकात बुडून मरतात.

हा पाक माशीला पचतो, कारण फुलातल्या मकरंदातही मुख्यतः साखरच असते: सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज. आपली पांढरी साखर म्हणजे सुक्रोज. माशी आपल्या ग्रंथींतला इन्व्हर्टेज नावाचा विकर (एन्झाइम) त्यात मिसळते आणि सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. मग पंखांनी वारा घालून पाणी उडवते. पण हा विकर म्हणजे प्रथिन. पाक मुरवायलासुद्धा माशी अंगचं प्रथिन खर्च करते, आणि साखरेतून ते तिला परत मिळत नाही.

इथेच काही माणसं मायेपोटी चूक करतात. साखरेपेक्षा गूळ सकस, म्हणून गुळाचं पाणी ठेवतात. आपल्यासाठी ते खरं असेल. माशीला गुळातली खनिजं आणि इतर न पचणारे अंश त्रास देतात. निरोगी माशी विष्ठा पेटीत टाकत नाही, उडताना बाहेर टाकते. पावसाने चार-चार दिवस कोंडलेल्या माशीच्या आतड्यात हा गाळ साठला की तिला हगवण लागते आणि पोळी घाण होतात. त्यामुळे द्यायचीच तर स्वच्छ पांढरी साखर द्यावी.

दुसरी चूक लिंबाची. पाक गोठू नये म्हणून त्यात लिंबू पिळून तो खूप उकळतात. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की फ्रुक्टोजपासून हायड्रॉक्सीमिथाइल फुरफुराल हे द्रव्य तयार होतं. त्याचं प्रमाण वाढलं की ते माशीला विष ठरतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी २००९ साली मक्याच्या पाकावर हे तपासलं, तेव्हा ४९ अंशांच्या आसपास हे द्रव्य झपाट्याने वाढताना दिसलं. आपल्या पाकाला तर लिंबाची गरजच नसते. पाणी गरम करून खाली उतरवायचं, त्यात साखर विरघळवायची आणि गार झाल्यावर द्यायचं.

(दृश्य: जवळून, मागच्या पायांवर पिवळा पराग घेऊन येणारी माशी)

पण सगळं नीट केलं, तरी साखर ती साखरच. अळ्यांना भरवणाऱ्या तरुण माश्या परागावर जगतात. परागातली प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि जीवनसत्त्वं यांवरच त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथी भरतात, आणि तिथून अळ्यांचं अन्न पाझरतं. पाकाच्या वाटीत यातलं काहीच नाही.

मध हाही नुसता गोड द्रव नव्हे. परागाच्या कवचातलं पी-कुमारिक आम्ल मधात उतरलेलं असतं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली मेलिफेरा माश्यांवर, म्हणजे युरोपीय मधमाश्यांवर, प्रयोग केला. हे आम्ल मिळालेल्या माश्यांमध्ये विषारी द्रव्यं निकामी करणारी जनुकं जास्त जोमाने काम करू लागली, आणि जंतूंशी लढणारी काही जनुकंही. कीटकनाशक फवारलेल्या शेतावरून येणाऱ्या माशीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. ते आम्ल साखरेत नसतं.

(दृश्य: मे महिना. मधयंत्रात फिरणाऱ्या चौकटी)

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जुलैची उपासमार मे महिन्यात ठरते. पेटीच्या वरच्या कप्प्यातला, म्हणजे मधकोठीतला, मध काढावा, तो मधपाळाच्या कष्टाचा आहे. खालच्या कोठीत पिलाव्याच्या वर जो मधाचा पट्टा असतो, त्याला हात लावू नये. मध महाग आणि साखर स्वस्त, तेव्हा सगळा मध काढून बदल्यात साखर द्यावी, असा हिशेब मांडला जातो. तो मला पटत नाही. झड लांबली, साठा खरंच संपला, तर पाक जरूर द्यावा, आणि उशीर न करता द्यावा. पाक जीव वाचवतो, याबद्दल शंका नाही.

पाऊस ओसरला की रानात पुन्हा फुलं दिसू लागतात. ज्या वर्षी कारवी फुलते (सात-आठ वर्षांतून एकदा), त्या वर्षी तर माश्यांना उसंत नसते. बहर येण्याआधीच पाक बंद करायला हवा. नाहीतर माश्या तोच मधकोठीत भरतात, आणि मधाच्या नावाखाली साखर बाटलीत जाते. ती प्रयोगशाळेत लपत नाही: उसाच्या साखरेत कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण रानफुलांच्या साखरेपेक्षा वेगळं असतं, आणि तपासणीत ते ओळखता येतं.